निम्म्या माणसांची सिंफनी

फसवणूक झाल्याची माझी खात्री पहिल्या मिनिटातच पटली. ही सिंफनी मी तीस वर्षं ऐकतो आहे, नागपूरच्या हॉस्टेलात सोबत राहणाऱ्या मुलाने तिची कॅसेट लावली तेव्हापासून. सुरुवातीलाच धरणाची दारं उघडल्यागत व्हायोलिनं अंगावर येतात. आणि मोबाइलवर सापडलेल्या या नव्या रेकॉर्डिंगमध्ये काय? पाटाला पाणी सुटावं तसं झुळझुळ!

स्पीकर गेला असणार म्हणून मी तो पिशवीत घालून गोंदियाला मेकॅनिककडे नेला. त्याने जोडला, दोन मिनिटं ऐकला आणि परत माझ्या हातात दिला. "भैया, मशीन ठीक है. बजानेवाले ही कम हैं."

घरी येऊन मोबाइलवरची बारीक अक्षरं वाचली. खरंच कमी होते. जिथे शंभर बसतात तिथे चाळीस. वर मखलाशी अशी, की संगीतकाराच्या काळी पुष्कळ शहरांत एवढेच वादक असत, म्हणून हेच अस्सल. म्हणजे मी तीस वर्षं नकली ऐकलं? आमच्याकडे लग्नात बँडची निम्मी माणसं आली, तर नवरदेवाचा मामा बँडवाल्याला मांडवात शिरू देत नाही. इथे कोणाशी भांडायचं?

हे गाऱ्हाणं घालायला बाबांशिवाय माणूस नव्हता. बाबा धानाचे शेतकरी, तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे झाडीपट्टीच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवायचे. मी ती कॅसेट घरी आणली तेव्हा सगळे उठून गेले, बाबा तेवढे बसून राहिले आणि पुढेही बसत गेले. पण कानाला यंत्र लागल्यापासून तेही उठू लागले. "टिनावर गारा पडून राहिल्यासारखं वाटते," म्हणायचे. कित्येक महिने मी एकटाच ऐकत होतो. एकट्याने ऐकलं की आपण फार विद्वान आहोत असं वाटतं, पण करमत नाही.

"बाबा, ऐका जरा, कशी लूट चालली आहे," म्हणत मी लावलं.

बाबा दारात थांबले. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"हा जाड्या आवाजाचा कोण होय गा?"

"बासून. लांब लाकडी वाद्य आहे, फुंकून वाजवतात."

"नवा घेतला काय?"

"नवा कसला? पहिल्यापासून आहे."

"मंग आधी काऊन नाही दाखवलास मले?"

दाखवणार काय? मलाच तो तीस वर्षांत ऐकू आला नव्हता. माझ्या कानाला यंत्रही नाही. हे कबूल करण्याऐवजी मी आवाज चढवला. "पण निम्मी माणसं, बाबा! फसवणूक आहे ही!"

"निम्मी हायेत म्हणूनच सारे वाजवून राहिले," बाबा म्हणाले. "पन्नास बायाईच्या धानाच्या रोवणीत दोघी नुसत्या वाकून राहिल्या, तर मालकाले समजते काय? आता चूप बस. ऐकू दे मले."

ज्यांना ही सिंफनी मी शिकवली, ते मलाच चूप बस म्हणाले!

माझा राग अजून गेलेला नाही. जुनं, भरल्या घरासारखं रेकॉर्डिंग मी बाबा धानाच्या बांधीवर गेले की लावतो आणि ते फाटकाशी दिसले की मुकाट्याने बदलतो. काल मात्र सकाळी दहा वाजले तरी ते खुर्चीतून हलेनात.

"बांधीवर नाही जायचं?" मी आशेने विचारलं.

"कायले? दोन भाग बाकी हायेत. लाव."

लावले.