बयाबाईनं भरलेली बाटली

पुंजाराम रोकडे द्वारका चौकाजवळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचा. देवळाली कॅम्पात कंपाउंडरकी करता करता शिकलेला माणूस. जिभेनं फटकळ, पण त्यानं टोचलेली सुई कळायची नाही.

चौऱ्याऐंशी साली घोटीच्या भातगिरणीतला केरू त्याच्या बाकावर येऊन बसला. बायकोला, लताबाईला, तिसऱ्या महिन्यात जर्मन गोवर आलेला. त्यानं पोटातल्या पोराचे डोळे, कान, काळीज बिघडतं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बाळंत होताच नाळेतलं रक्त पाठवा, म्हणाले. पोरगी घरीच झाली, रक्त आलं, आणि रिपोर्टात एम फुगलेली निघाली.

"एम म्हंजी काय, साहेब?"

"रोगाशी भांडणाऱ्या अँटीबॉडी असतात, त्यांची एक जात. जी, ए, एम अशा जाती. फरक त्यांच्या अंगातल्या प्रथिनाच्या जड साखळीत. जीची साखळी गॅमा, तिच्यातही पुन्हा चार पोटजाती. ही 'जी' वारेतून, नाळ जिला जोडलेली असते तिच्यातून, आईकडनं पोराकडं जाते. एम म्हणजे पाच जणी एकात बांधलेल्या. तिला वारेतून वाट नाही. पोराच्या रक्तात एम लय दिसली, तर ती पोरानंच केलेली. म्हणजे रोग आत पोचलेला."

"म्हंजी पोरगी आंधळी?"

"तसं मी म्हणालो का?"

पुंजारामानं जेलीच्या बशा पुन्हा उजेडात धरल्या. खळग्यात रक्ताचं पाणी घातलं की भोवती पांढरं कडं उमटतं. कडं मोठं तेवढी अँटीबॉडी जास्त. एमचं मोठं होतंच, पण एचंही मोठं. एसुद्धा वारेतून जात नाही, आणि नुकत्याच जन्मलेल्या पोराकडं ती नसल्यातच जमा. मग ही आली कुठून?

"बाटली कोणी भरली?"

"बयाबाईनं. आमच्या सुईणीनं."

"उद्या तिला आण. पोरीलाही."

बयाबाई पदर खोचूनच आली. "वार पडल्याबिगर आमी नाळ कापीत नाय. मंग कापली, थान पिळावं तशी पिळली. बाटली अर्धीच भरली. डागदर म्हणले व्हते, भरून दे. घमेल्यात व्हतं त्यातलं घातलं वर."

"आजी, घमेल्यात आईचं रक्त होतं."

"आईचं काय, लेकीचं काय. नऊ महिनं एकच व्हतं की."

"एक नव्हतं. मधी वार होती." पुंजाराम पहिल्यांदा हसला. "घमेल्यातली एमही आईची, एही आईचीच."

त्यानं पोरीच्या टाचेतून ताजं रक्त घेतलं. ती रडली, पण उशिरानं. एम अंगानं जड, जेलीत सावकाश पसरते. दोन दिवस थांबावं लागलं. तिसऱ्या दिवशी बारसं होतं. केरूनं पाळणा मागवला नव्हता.

बशी उघडली. एचं कडं उमटलंच नव्हतं. एम तान्ह्या पोराला साजेल इतकीच. जीचं मात्र भलं थोरलं, लताबाईचं देणं. डॉक्टरांनी पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली, सगळं ठीक निघालं. कान तेवढे पुढं तपासू म्हणाले.

केरू जिन्यातच खाली बसला. नुसता हसत राहिला.

"पाळणा कोन आणनार मंग?" सोबत आलेल्या बयाबाईनं त्याला दंडाला धरून उठवलं.

पुंजारामानं तिच्या पिशवीत दोन कोऱ्या बाटल्या घातल्या, अर्ध्यावर लाल रेघ ओढलेल्या.

"इथपर्यंतच, आजी. कमी भरली तरी चालंल. घमेल्याला हात लावायचा नाय."