धाकट्या जावेचे नऊ पेपर

आमच्या धाकट्या जावेचं नाव छापून येतं. वर्तमानपत्रात नाही, तिथं काय कुणाचंही येतं. तिचं येतं परदेशातल्या डॉक्टर लोकांच्या मासिकांत, आणि ती वाचणारा माणूस अख्ख्या गारखेड्यात सापडायचा नाही. तरी सगळ्या कॉलनीला तिचं कौतुक. मी घरच्या कार्यात तीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकला तर म्हणतात, आशाबाईंना सवयच आहे.

लक्ष्मी, म्हणजे ही जाऊ, मेडिकल कॉलेजात शिकवते आणि डेंग्यूवर संशोधन करते. तिचं म्हणणं असं की, पहिल्या डेंग्यूत अंगात विषाणूशी लढणारी फौज तयार होते. पण पुढं दुसऱ्या जातीचा डेंग्यू आला की तीच फौज कधीकधी फितूर होते आणि नव्या विषाणूला पेशीत घुसायला मदत करते. म्हणून दुसरा ताप जास्त वाईट. मला हे लगेच पटलं, कारण मला दोन्ही ताप येऊन गेलेत. दुसऱ्या खेपेला ती माझ्या उशापासून हलली नाही, हे कबूल. पण मला विचारून माझं रक्तही घेतलं. पेपर छापून आल्यावर मी म्हटलं, माझं नाव कुठंय यात? तर म्हणाली, पेशंटचं नाव नसतं ताई, नंबर असतो. घ्या! रक्त माझं आणि नाव हिचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी मला चुलीपुढं बसवलं. ही आली तेव्हा त्याच सासूबाई म्हणाल्या, तिला अभ्यास करू द्या. संध्याकाळी ही कॉलेजातून आली की माझ्या माहेरच्या पितळी तांब्यानं घटाघटा पाणी पिणार आणि खोलीत जाऊन लिहीत बसणार. भाजी निवडायला मी आहेच. जळत होते मी. त्यात लपवायचं काय?

एका बाबतीत मात्र सासूबाईंनी दोघींना सारखं वागवलं. दोघींची नावं बदलली. लग्नाआधी ही होती उर्मिला शेजूळ. लग्नात माझ्या दिरानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘लक्ष्मी’ लिहिलं. ते ताट मीच धरलं होतं. पुढं तिनं कॉलेजातही लक्ष्मी औताडे हेच नाव लावलं.

प्रोफेसरची जागा निघाली तेव्हा ते अंगाशी आलं. लग्नाआधीचे तिचे नऊ पेपर उर्मिला शेजूळच्या नावावर, आणि कमिटी म्हणाली, ही बाई तुम्हीच कशावरून? ते नऊ धरले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार. लग्नाचा दाखला होता, पण त्यावर नवंच नाव. नाव बदललं तेव्हा हजर असलेल्या सासरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. सासूबाई वारलेल्या, नवऱ्याची सही चालेना, आमचे हे वाळूजच्या कंपनीच्या कामानं चेन्नईला गेलेले. उरले मी.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. उद्या कोर्टात याल का, एवढंच विचारलं. मी पोळ्या लाटत राहिले. खरं सांगते, लई बरं वाटलं. नुसतं डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी तिचे नऊ पेपर बुडाले असते. मी म्हटलं, बघू.

सकाळी ठेवणीतली साडी नेसून तिच्याबरोबर निघाले. नसते गेले तर लोक म्हणाले असते, आशाबाई जळल्या. मी जळते हे मी सांगीन, लोकांनी कशाला सांगायचं?

कोर्टाबाहेर झाडाखाली लोकांचे अर्ज टाइप करून देणारे मजीदभाई टाइपरायटर मांडून बसले होते. त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, कागद चढवला आणि म्हणाले, “नावाचाच मामला आहे बाई. तुमचंही माहेरचं नाव टाकून देतो, पुन्हा कुणी अडवायला नको. सांगा.”

मी पदराचं टोक नीट करत राहिले. विसरले नव्हते मी. पण आई-बाप गेल्यापासून ते नाव मला कुणी विचारलंच नव्हतं.

“सारजा,” लक्ष्मी म्हणाली. “सारजा रंगनाथ तुपे.”

मी गर्रकन तिच्याकडं वळले. हिला कुणी सांगितलं?

“तुमच्या तांब्यावर कोरलंय ना, ताई. रोज त्यानंच तर पाणी पिते मी.”

मजीदभाईंनी नाव टाइप केलं, मी सही केली. तिचे नऊ पेपर तिला मिळाले आणि दिवाळीआधी ती प्रोफेसर झाली. कॉलनीनं हारतुरे घातले. माझ्या जुन्या नावावर या जगात आहे काय, तर तो एक तांब्या. आणि इतकी वर्षं त्यानंही तहान भागवली ती तिची.

त्या दिवशी कोर्टातून आल्या आल्या मी तांब्या चिंच लावून लख्ख घासला आणि माझ्या कपाटात ठेवला. संध्याकाळी ती कॉलेजातून आली, ओट्यावर बघितलं, मांडणीवर बघितलं. मी स्टीलचा पेला भरून पुढं केला.

“तांब्या कुठंय, ताई?”

“सारजाचा आहे तो,” मी म्हटलं.