नावेच्या धक्क्यावरची नव्वद पानं

दातवाल्या मावशी हे नाव त्यांना वाचनालयातल्या मुलांनी दिलं होतं. मावशी एका दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे आणि मावशी मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवून कवळ्या तयार करायच्या. एकवीस वर्षं हेच काम. एखादा दात केसभर पुढे आला तरी त्यांना तो लांबूनच खुपायचा. पुस्तकांच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं.

घरी आल्यावर त्या जादूच्या, राजवाड्यांच्या, उडत्या प्राण्यांच्या कादंबऱ्या वाचत. वय एकोणपन्नास, डोक्यात पांढरे केस, आणि हातात सातशे पानांचा ठोकळा. नवरा वीजकाम करायचा. शांत माणूस. जेवताना विचारायचा, "काय म्हणतोय आज तुझा ड्रॅगन?"

"आजारी आहे," मावशी गंभीरपणे सांगायच्या. "पण ते अजून लेखकाला कळलेलं नाही."

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई त्यांची मैत्रीण. त्यांनीच एकदा म्हटलं, "मला एकटीला ऐकवतेस त्यापेक्षा लिहून दे, फळ्यावर लावते." तेव्हापासून दाराजवळच्या फळ्यावर मावशींची कार्डं लागू लागली. एका कार्डावर एक मत. खाडाखोड नाही आणि भीडभाड तर मुळीच नाही. "या कादंबरीत जादूची काहीच किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तिची किंमतही कुणाला वाटत नाही." "पहिल्या पानावर नकाशा आहे. सावध राहा, लेखक तुम्हाला त्यातल्या प्रत्येक गावाला नेणार." राखेच्या राज्यावरची एक सात खंडांची कादंबरी मुलं हातोहात नेत होती. तिच्याबद्दल त्यांनी लिहिलं, "पहिले दोन खंड जेवण विसरून वाचा. तिसरा वगळा. त्यात पोरकी मुलगी नावेच्या धक्क्यावर बसून घोडेस्वाराची वाट बघते, आणि तिच्याबरोबर आपणही नव्वद पानं बसून राहतो." त्यानंतर तिसऱ्या खंडाला सहसा कुणी हात लावेना. ग्रंथपाल बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एवढं महागाचं पुस्तक, आणि तू त्याला कपाटात डांबलंस!"

पुढे मुलंच विचारू लागली, मावशी, अमुक खेळ कसा आहे? इंटरनेटवरचे फुकटचे खेळ. मग मावशींनी तेही खेळायला घेतले. "हा खेळ फुकट आहे, पण दर पाच मिनिटांनी तुम्ही किती दरिद्री आहात याची आठवण करून देतो." असली मतं वाचून आईबाप हसायचे, आणि ऐकायचेही. मावशी म्हणाल्या, की झालं.

फक्त एक फरक होता, आणि तो मावशींना ठाऊक होता. कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय त्या कार्डाला पेन लावत नसत. खेळांना शेवटचं पान नसतं. म्हणून खेळाला त्या दोन संध्याकाळी द्यायच्या आणि मत लिहून मोकळ्या व्हायच्या.

अशाच दोन संध्याकाळींनंतर त्यांनी एका बेटं बांधायच्या खेळाबद्दल लिहिलं होतं, "सुंदर, शांत, जाहिराती नाहीत. मुलांना निर्धास्त खेळू द्या."

चार महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, लॅबमधला फोन वाजला. मावशींच्या हातात अर्धवट कवळी होती. ग्रंथपाल बाई बोलत होत्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"कामात आहेस? एक बाई आल्यात. तुझं कार्ड हातात घेऊन उभ्या आहेत."

मागून दुसऱ्याच कुणीतरी फोन घेतला. "'निर्धास्त खेळू द्या' असं लिहिणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो."

"माझी मुलगी शाळेतून नाहीशी झालीय."

ती बाई गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर होती. मुलगी तेरा वर्षांची. मधल्या सुट्टीत आईच्या खोट्या सहीची चिठ्ठी दाखवून ती शाळेबाहेर पडली होती. शाळेने दोन तासांनी फोन केला. आई घरी धावली. मुलगी नाही, पण तिचा टॅब पलंगाखाली सापडला. त्यात तो खेळ उघडाच होता, आणि खेळात कुणाशी तरी झालेल्या गप्पा. महिनाभराच्या.

मावशींना काही कळेना. "त्या खेळात गप्पा मारायची सोयच नाही."

"माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तुम्ही मला नाही म्हणून सांगताय?" आईचा आवाज चिरकला.

ग्रंथपाल बाईंनी टॅब हातात घेऊन बघितलं आणि हळूच सांगितलं, "दहा बेटं बांधून झाल्यावर सुरू होते. तू किती बांधली होतीस?"

मावशींनी चार बांधली होती. हातातलं मेण बोटांच्या उबेने मऊ झालं, आणि बसवलेले दात एका बाजूला कलले.

"शेवटचं काय लिहिलंय ते वाच," त्या कशाबशा म्हणाल्या.

समोरच्याने स्वतःचं नाव 'घोडेस्वार' ठेवलं होतं. वय सतरा म्हणून सांगितलं होतं. मुलीचं खेळातलं नाव 'रानपाखरू'. ग्रंथपाल बाईंनी वाचून दाखवलं, "'पाखरू, आज चार वाजता. तिसऱ्या खंडात ती जिथे माझी वाट बघते, तिथेच. फोन बंद ठेव. घोडेस्वाराला मागावर कुणी आलेलं चालत नाही.' यातून काय समजायचं? कसला तिसरा खंड? चौकीवर फोन केला, तर ते पत्ता विचारतायत."

"नावेचा धक्का," मावशी म्हणाल्या. त्या तोवर उभ्या राहिल्या होत्या. "राखेच्या राज्याचा तिसरा खंड. पलीकडच्या काठाला बोटी जातात ना, तो धक्का. चौकीवर सांग. मुलीच्या आईला घेऊन ये. मला इथून जवळ आहे, मी निघाले."

जवळ म्हणजे तरी दोन मैल. घड्याळात तीन बावीस. मालकांना काय सांगितलं हे त्यांना नंतर आठवेना. अंगावरचा प्लास्टरने माखलेला एप्रन तसाच राहिला. पहिली बस मिळाली, पण पुलाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती आणि बस जागची हलेना. पाच मिनिटं गेली. सात गेली. मावशी ड्रायव्हरच्या मानेकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यात स्वतःचंच अक्षर फिरत होतं. 'निर्धास्त'. तो शब्द लिहिताना त्यांना बरं वाटलं होतं, हे त्यांना लख्ख आठवत होतं.

"दार उघडा."

"मावशी, इथे थांबा नाही."

"उघडा म्हणते ना!"

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की त्याने मुकाट्याने दार उघडलं. मावशी धावल्या. गुडघा वर्षभर दुखत होता, तो त्या दिवशी दुखला की नाही कोण जाणे. गोदामांच्या रस्त्याने, सामान चढवणाऱ्या हमालांच्या मधून, एका ठिकाणी चप्पल निसटली ती तशीच हातात घेऊन.

धक्क्यावर पोचल्या तेव्हा चार वाजायला सहा मिनिटं होती. पत्र्याची शेड, तिकिटाची खिडकी, लाकडी बाकं, आणि सव्वाचारच्या बोटीसाठी वीस-पंचवीस माणसांची रांग. मुलगी कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. गणवेशावर निळं जाकीट, मांडीवर दप्तर. चेहरा मावशींच्या ओळखीचा निघाला. शनिवारी खिडकीपाशी पाय वर घेऊन वाचत बसायची, तीच ही. मावशी तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

त्यांना वाटलं, धावत जाऊन हात धरावा. पण घाबरली तर पळेल, आणि गर्दीत गेली की संपलं. त्यांनी श्वास आवरला, चप्पल पायात घातली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

मुलीने बघितलं. "तुम्ही दातवाल्या मावशी ना?"

"हो."

"तुम्ही इथे कशा?"

"तिसरा खंड मीही वाचलाय."

मुलीचा चेहरा उतरला. "आईने पाठवलं?"

"आई शोधतेय तुला. रडतेय."

"ती कुठली रडते! तिला मशीनपुढे कुणी दिसतं का?" मुलगी दप्तर उचलून उभी राहिली. "तुम्ही जा. तो येईल आता. तुम्हाला बघून परत जाईल."

"पाखरू?"

हाक मागून आली. माणूस चाळिशी ओलांडलेला होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात भेटवस्तूची कागदी पिशवी. बघितल्यावर कुणालाही वाटावं, बँकेतून सुटून घरी निघालाय. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. सतरा वर्षांचा कुणीतरी त्याच्या मागून येईल म्हणून तिने मानही वाकडी करून पाहिली. मागे कुणी नव्हतं.

"चल, बोट लागलीय," तो गोड आवाजात म्हणाला आणि त्याने दप्तराचा पट्टा धरला.

मावशी दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "आपण कोण?"

तो जराही गडबडला नाही. "मी तिचा मामा. न्यायला आलोय."

"असं का?" मावशींनी मुद्दाम आवाज चढवला. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं इतका. "मी तिची मावशी. म्हणजे तुम्ही माझे सख्खे भाऊ झालात की! पन्नाशी आली, आणि आमच्या आईने मला सांगितलं नाही हो कधी!"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघं-तिघं हसली. हसली म्हणून वळली, आणि वळल्यावर त्यांनी त्या माणसाकडे नीट बघितलं. सगळी रांग बघू लागली. त्याचं हसू मात्र तसंच राहिलं, फक्त डोळे त्यात उरले नाहीत.

"बाई, तमाशा करू नका."

"पट्टा सोडा."

"मी काय म्हणतो..."

"आधी सोडा, मग म्हणा. दादा, मग हिचं नाव तरी सांगा. खेळातलं नको, घरातलं."

त्याने बोटीकडे बघितलं. मुलीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. महिनाभर रोज बोलत होता, आणि त्याला तिचं नाव सांगता येत नव्हतं. तिने दप्तर हिसकलं आणि मावशींचा एप्रन मागून घट्ट धरला. रांगेतला एक दांडगा हमाल पुढे सरकला. "काय भानगड आहे, मावशी?"

तो माणूस पिशवी तिथेच टाकून वळला. पळाला नाही. भरभर चालत गोदामांच्या गल्लीत शिरला. हमाल मागे धावला, पण हात हलवत परत आला.

पोलीस आणि आई आली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आईने मुलीला इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना. मावशींकडे तिने पाहिलंही नाही.

चौकीत मावशींनी अर्धं पान भरून त्या माणसाच्या दातांचं वर्णन लिहून दिलं. वरचा डावा सुळा खोटा, रंग जुळत नाही, तार दिसते. हवालदाराने ते कौतुकाने वाचलं. पण उपयोग झाला तो तिकीट खिडकीतल्या बाईंचा. तो माणूस दर आठवड्याला पलीकडून यायचा, त्याचा पास त्यांनीच बनवला होता. तिसऱ्या दिवशी तो सापडला. त्याच्या फोनमध्ये आणखी चार मुलींच्या गप्पा होत्या.

मुलगी मावशींवर खूश झाली असेल असं कुणाला वाटलं तर ते खरं नाही. आठवड्याने मावशी त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा ती दाराआडूनच म्हणाली, "तो माझं सगळं ऐकायचा. आता कुणी ऐकत नाही." आणि जरा थांबून, "नव्वद पानांबद्दल तुम्ही चुकीचं लिहिलंत. ती कंटाळवाणी नाहीत. तिला जायला दुसरी जागाच नसते, म्हणून ती बसते." परत येऊन मावशींनी ती नव्वद पानं पुन्हा वाचली. त्यांना ती अजूनही लांबलेली वाटली, पण पोरीचं म्हणणंही खोटं वाटेना.

खेळांची सगळी कार्डं त्यांनी फळ्यावरून काढली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अगं, एका चुकीसाठी सगळी?" मावशी म्हणाल्या, "कवळी हिरडीला लागली तर माणूस ती काढून ठेवतो. असल्या मताचं लागलेलं लवकर कळतही नाही." मग एकेक खेळ त्यांनी नव्याने घेतला. या वेळी गप्पांचं दार उघडेपर्यंत, आणि उघडल्यावर आत कोण बोलतं हे बघेपर्यंत. महिन्याला एकच कार्ड होऊ लागलं.

खटला उभा राहिला दहा महिन्यांनी. मुलीला आत बोलावलं. ती एकटीच गेली, मागे न बघता. बाहेरच्या बाकावर आई आणि मावशी, मध्ये एका माणसाची जागा मोकळी.

"माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही," आई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

"जाऊ नये," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही धावलात, हेही विसरत नाही. पण दोन्ही आहे."

"असू दे."

आतून मुलीचा आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज स्थिर होता. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि मग ती मधल्या जागेवर, मावशींचा हात पोचेल अशी ठेवली.