चाई, जोडकेस आणि खारं पाणी

डॉक्टरांनी सायलीचे मागचे केस पेनाच्या बोथट टोकाने बाजूला केले आणि मला म्हणाल्या, "वडील ना तुम्ही? जवळ या, नीट बघा." मानेच्या थोडं वर रुपयाएवढी गुळगुळीत जागा होती. तिच्या शेजारी दुसरी, आणखी मोठी. "हा अलोपेशिया एरियाटा," त्या म्हणाल्या.

आपल्याकडे याला चाई म्हणतात. रोगांशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवरच तुटून पडते आणि तेवढ्या जागेचे केस गळतात. मूळ मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. कधी येतील, किती येतील, पुन्हा जातील का, हे मात्र कोणी लिहून देत नाही. मी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. उत्तर तेच आलं.

माझा धंदा मोजण्याचा आहे. अमरावतीजवळच्या सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात मी कापसाची प्रत ठरवतो. जे मोजता येत नाही त्याचा मला त्रास होतो. म्हणून ज्यांच्या घरात असं काही निघालं असेल त्यांच्यासाठी, जे नक्की कळलं तेवढं लिहितो आहे.

आधी आमच्या हातून काय चुकलं ते सांगतो. सायलीच्या आईने, मंदाने, कोणीतरी सांगितलं म्हणून त्या जागेवर लसूण चोळला होता. कातडी भाजली. डॉक्टरांनी तो लाल डाग पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "आता घरचे प्रयोग बंद. आणि हा संसर्ग नाही. हिचा कंगवा वापरून कोणाला काही होत नाही."

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन कमी. मग इंट्रालीजनल इंजेक्शनं सुरू झाली, म्हणजे अगदी बारीक सुईने त्या जागेच्या कातडीतच थोडं थोडं स्टेरॉइड टोचणं. साधारण महिन्याने एकदा. बाहेरच्या बाकावर बसलं की आतून काहीच ऐकू येत नसे. सायली ओरडणाऱ्यांतली नाही.

ती बावीस वर्षांची. गणित घेऊन बी.एड. करते. तिथे खऱ्या शाळेत जाऊन, खऱ्या पोरांपुढे सराव पाठ घ्यावे लागतात. वर्गाकडे तोंड असेपर्यंत तिचं काही दिसत नव्हतं. पण फळ्यावर लिहायला वळलं की सगळा वर्ग तिच्या डोक्याच्या मागेच बघणार. पहिल्या पाठाची तारीख लागली आणि ती म्हणाली, "बाबा, मी कॉलेज सोडते."

मी म्हटलं, "गणित येत नाही म्हणून सोडतेस का?"

"नाही."

"मग नाही सोडायचं."

बोलणं सोपं होतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "हेअर एक्स्टेन्शन लावू शकते. पण चिकटपट्टीचे किंवा गोंदाचे नकोत. क्लिपचे घ्या. क्लिप चाईच्या जागेपासून लांब, जाड केसांत लावायची. घरी आलं की काढायचे. ओढ बसली तर आहेत ते केसही जातील, हे लक्षात ठेवा." एक्स्टेन्शन म्हणजे जोडकेस. खऱ्या केसांची पट्टी असते आणि तिला आतून छोट्या क्लिपा शिवलेल्या असतात. आम्ही सायलीच्या रंगाचे दोन तुकडे आणले. लावल्यावर मागचं सगळं झाकलं गेलं. तिने आरशाकडे पाठ करून हातातल्या दुसऱ्या आरशात बराच वेळ पाहिलं. कॉलेज सोडण्याचं बोलणं बंद झालं.

मग आम्ही अकोल्याला गेलो. माझ्या मोठ्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुपूजा होती. घर शहराबाहेर, नुकत्याच प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटमध्ये. नळ अजून आलेला नाही, बोअर आहे आणि बोअरचं पाणी खारं. दुपारी जेवणं झाली, सायलीने जोडकेस काढून खुंटीला लावले आणि झोपली. ताईने ते पाहिले.

तिच्या तरुणपणी बायका वेणीत गंगावन लावत. गंगावनाला तेल चोपडायचं, शिकेकाईने चोळून धुवायचं, पिळायचं आणि गाठ मारून उन्हात टाकायचं. ताईने प्रेमाने तेच सगळं केलं, वर गीझरचं कढत खारं पाणी. सायली उठली तेव्हा गच्चीवर तिचे केस काथ्यासारखे वाळत पडले होते.

"आत्या, हे काय केलं!"

"काहून वं? कोरडे ठाक पडून राहिले होते बिचारे. तेल लावलं, धुतलं. गंगावनच तं आहे!"

"गंगावन नाही हे. हे कापलेले केस आहेत, मेलेले. त्यायले तेल नाही पचत."

"मेलेले म्हणू नये बाई. डोक्यावर ठेवतं ना तू त्यायले?"

सायलीला एक क्षण हसू आलं, आणि मग रडू. तिने रागाने तो गुंता तसाच डोक्याला लावला आणि कंगवा ओढला. क्लिप सरकली. क्लिपेबरोबर तिचे स्वतःचे केस आले, मुळासकट. ते तिने तळहातावर धरून मला दाखवले. पाठ चार दिवसांवर होता.

"मी नाही जात, बाबा," ती म्हणाली. या वेळी आवाज अगदी शांत होता, आणि मला त्याचीच भीती वाटली. ताई पायरीवर बसून म्हणत होती, "मले काय मालूम, मले काय मालूम."

अमरावतीला परत आल्यावर मंदाने गुंता सोडवायला घेतला. एकेक केस तुटला की तिचे डोळे भरत. सायली म्हणाली, "आई, डोळे पुसत पुसत विंचरू नको. मले पाहवत नाही." तेव्हा मी ते हातात घेतलं.

कापसाची प्रत बघताना आम्ही चिमूटभर रुई घेतो आणि दोन्ही हातांच्या अंगठ्याबोटांत धरून हळू ओढतो. रेशा, म्हणजे कापसाचा तंतू, किती लांब, किती मजबूत, ते बोटांना कळतं. धक्का दिला तर चांगला रेशाही तुटतो आणि अंदाज चुकतो. मी ठरवलं की हाही रेशाच आहे.

सगळे केस एकदम पाण्यात घातले नाहीत. आधी कडेची एक पातळ बट घेतली. फिल्टरच्या पाण्याचा कॅन आणला, कारण खारं पाणी काढायचं तर गोडंच पाणी हवं. कोमट पाण्यात थोडा सौम्य शॅम्पू मिसळला आणि बट त्यात नुसती बुडवून ठेवली. चोळली नाही. तेल सुटलं तसं पाणी गढूळ झालं. पुन्हा तेच केलं. मग केसांना कंडिशनर लावला, शिवणीला आणि क्लिपांना लागू दिला नाही. धुऊन टॉवेलमध्ये दाबली, पिळली नाही, आणि सावलीत सपाट पसरली. ती बट मऊ झाली तेव्हाच बाकीचे केस घेतले.

विंचरायचं पूर्ण वाळल्यावर. ओला केस ताणतो आणि तुटतो. शिवणीच्या खाली डाव्या हाताने घट्ट धरायचं, म्हणजे ओढ हातावर येते, शिवणीवर नाही. रुंद दातांचा कंगवा घ्यायचा आणि टोकापासून सुरुवात करायची. टोकाचा दोन बोटं भाग मोकळा झाला की तिथून थोडं वर. मुळाकडून खाली ओढायची आपल्या हातांना सवय असते. तीच मोडावी लागते. लावण्याआधी आणि काढल्यावर असंच विंचरायचं. रोज धुवायचं नाही. या केसांना मुळाकडून तेल मिळत नसल्याने दर धुण्याने ते कोरडे होतात. चिकट वाटले तरच धुवायचे.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. काही केस गेले, बरेच वाचले. ताईचा फोन यायचा, "सुटलं का रे? मी येऊ का?" मी म्हणायचो, "ये, पण बाथरूममध्ये जायचं नाही." ती हसायची, आणि लगेच विचारायची, "पोरगी जाईन ना रे शाळेत?" मला माहीत नव्हतं.

जिथून केस उपटले गेले ती जागा सोडून मंदाने क्लिप थोडी वर लावली. पाठाच्या दिवशी सायलीने चार पावलं चालून पाहिलं, मान हलवली, पिशवी उचलली आणि निघाली. जिनिंगमध्ये त्या दिवशी मी एक नमुना दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा वेगळी प्रत लिहिली.

तिच्या डोक्यावर आता एका जागी पांढुरकी लव आली आहे. डॉक्टर म्हणाल्या, चांगली खूण आहे, नवे केस आधी असेच येतात. कानामागे एक नवी जागाही निघाली आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींसह राहायला आम्ही शिकतो आहोत. डॉक्टरांनी खोटी तारीख कधी दिली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आजार बरा होण्याची वाट बघत जगणं थांबवायचं नाही, एवढं माझ्यापुरतं पक्कं झालं आहे.

पाठाच्या त्या दिवशी संध्याकाळी सायली घरी आली ती हाताला खडूची पांढरी पूड लागलेली. मंदाने विचारलं, "कसा झाला?"

"अपूर्णांक होते. मागच्या बाकावरची पोरं आपसांत लई बोलून राहिली होती. फळा भरून लिहिलं."

"फळ्याकडे वळलीस तेव्हा?"

"तेव्हाच तं बोलत होती. मी ओरडले त्यायच्यावर."

तिने क्लिपा एकेक करून उघडल्या, केस टोकापासून विंचरले आणि माझ्या हातात दिले. माझाच नियम विसरून मी टॉवेल आणि बादली घ्यायला उठलो.

"आज धुऊ नका, बाबा," ती म्हणाली. "सकाळपर्यंत वाळणार नाहीत. उद्या दुसरा पाठ आहे."