सुभेदार जेवत नाही

साताऱ्याहून निघालो तेव्हा गाडीत तिघे होतो: मी, माझे मामा आणि सुभेदार. मामा फौजेतून हवालदार म्हणून परतले; कुत्र्याला मात्र त्यांनी थेट सुभेदार केलं. या सुभेदाराला मधुमेह. रोजची इन्सुलिनची सुई चालू असूनही उलट्या, अंगात त्राण नाही, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं.

कऱ्हाड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. लहानपणी याच रस्त्याने मामा मला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून आणायचे. माझी पापणी मिटली रे मिटली, की हॉर्न! आष्ट्याला मिसळीसाठी थांबलो, तर मामांनी ताटली सरकवली.

"सुभेदार जेवल्याबिगर मी घास घेणार न्हाई. देवाला शबूद दिलाय."

मी दोघांची मिसळ खाल्ली. काळजीत मला भूक फार लागते.

मिरजेच्या डॉक्टरबाई तरुण, पण आवाज सरसेनापतीचा. "रोजचं इन्सुलिन सावकाश चालतं. आता झटपट चालणारं देते, सलाईनमधून. साखर सारखी तपासावी लागेल. आपणहून जेवायला लागला, की परत रोजची सुई."

दुसऱ्या दुपारपर्यंत साखर उतरली, उलट्याही थांबल्या. सुभेदार पिंजऱ्यातून मामांकडे टक लावून पडला होता. पण अंडं नको, कोंबडी नको.

"असा उपाशी राहिला तर पुन्हा बिघडेल," बाईंचा आवाज खाली आला. "घरी कसा जेवतो?"

"माझं जेवान झालं की. ताटातला शेवटचा तुकडा त्येचा."

मी कपाळावर हात मारला. "मामा, तो तुमच्यासाठी थांबलाय, आणि तुम्ही त्याच्यासाठी!"

"आरं, पर देवाला शबूद..."

"देवाला सांगा, बाईंचा हुकूम झाला."

खाणावळीतून पिठलं-भाकरी आणली. मामा पिंजऱ्यासमोर फरशीवर बसले, डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास घेतला. सुभेदाराचे कान उभे राहिले. मामा चावत होते, रडत होते. शेवटचा कोरडा तुकडा त्यांनी पुढे केला.

"घे रं गड्या."

सुभेदाराने हुंगला. आणि खाल्ला. मग कोंबडीही.

"आता काढते रोजच्या इन्सुलिनची बाटली," म्हणत बाईंनी पटकन पाठ फिरवली.

दोन दिवसांनी परतताना मागच्या सीटवर दोघेही घोरत होते. मी एकटाच जागा. शाळेतून उशिरा आलो तर माझ्यासाठी जेवायला थांबणारी माणसं एकेक करून गेली. उरले मामा, आणि त्यांच्या ताटाशी आता माझ्याआधी सुभेदाराचा नंबर लागतो.