पुसून टाकलेलं वर्ष

इस्त्रीवाल्याची थोरली लेक विद्यापीठात मुंग्यांवर पीएचडी करत होती. साखरेकडे जाताना मुंग्या जवळची वाट कशी धरतात, एवढाच काय तो प्रश्न. घरात तिला सगळे मुंगीबाई म्हणत आणि तिला ते आवडतही असे.

पण मुंग्या काही दाद देईनात. पांढऱ्या फळीवर दोन वाटा केलेल्या, एक आखूड, एक लांब, टोकाला साखर. रोज सकाळी मुंग्या घराचा पत्ता विसरलेल्या म्हाताऱ्यांसारख्या भरकटायच्या. वर्षभराचे आकडे घेऊन ती समितीपुढे उभी राहिली, तेव्हा तिथल्या तिघांनी कागद खालीवर करून पाहिले. यातून काहीच निघत नाही, तीन महिन्यांत काहीतरी दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द, असं सांगून त्यांनी चहा मागवला. तिला विचारलासुद्धा नाही.

मुंगीबाई घरी येऊन चार दिवस पांघरूण घेऊन पडली. धाकटा भाऊ म्हणे, तायडे, तुला मास्तरांनी नाही, मुंग्यांनी नापास केलं. पाचव्या दिवशी आईने पांघरूणच धुवायला नेलं, तेव्हा उठणं भाग पडलं.

प्रयोगशाळेत येऊन बघते तर काय, मुंग्या आखूड वाटेने एकीमागे एक शहाण्यासारख्या चाललेल्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण एवढे दिवस नुसती साखर ठेवत होती, बाकी कशाला तिने बोट लावलं नव्हतं.

मुंगीबाईची नजर टेबलावरच्या स्पिरिटच्या बाटलीवर गेली. मुंगी चालताना मागे वास सोडते, त्या वासावर बाकीच्या येतात, हे तिला तोंडपाठ होतं. पण पडली इस्त्रीवाल्याची लेक, डाग दिसला की हात राहत नाही. रोज संध्याकाळी निघताना ती फळी स्पिरिटने लख्ख पुसून जायची. वर्षभर मुंग्या बिचाऱ्या रस्ता बांधत होत्या आणि ही बया तो रोज धुऊन टाकत होती.

आता जुने आकडे गुपचूप बाजूला सारले आणि नवेच दाखवले, तर कुणाला कळणार होतं? आईचं मत तेच पडलं. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाली. बाप कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होता.

"माझ्या हातून कपडा जळला तर मी काय करतो गं?"

"स्वतः नेऊन देता."

"घडी कशी घालतो?"

तिला हसू आलं. "जळकी बाजू वर ठेवून."

"गिऱ्हाईक ओरडतं. पण पुढचा कपडा आपल्याकडेच टाकतं."

तीन महिन्यांनी समितीपुढच्या पहिल्याच पानावर तिने स्वतःची चूक मांडली, स्पिरिटच्या बाटलीसकट. तिघांतल्या कडक बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे टिपावे लागले. मग गंभीर होऊन त्यांनी निकाल दिला. वास पुसल्यावर मुंग्या कशा वागतात, ते दाखवायला जुन्यातले थोडे आकडे कामी येतील, बाकीचे केरात. प्रयोग नव्याने करायचा. नोंदणी राहील, मुदत एक वर्ष वाढेल.

तिने बाहेर येऊन दुकानात फोन लावला. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि फोन कानाला तसाच ठेवून समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमच्या लेकीला आणखी एक वर्ष दिलंय बरं का, विद्यापीठाने."

गिऱ्हाइकाने तोंडभर अभिनंदन केलं. मुंगीबाईला ते फोनवर स्वच्छ ऐकू आलं. तिने काही दुरुस्ती केली नाही.