हसनच्या गाडीला जुनी म्हणायचं नाही

सन दोन हजार तेवीस. दिवाळी सरली होती, भात झोडून झालं होतं, गवताच्या उडव्या रचून झाल्या होत्या. त्या थंडीत हसनची गाडी आफ्रिकेतून रत्नागिरीत आली आणि हातखंब्याच्या बाकड्याला काम मिळालं.

बाकडं मुकुंदच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर आहे. दुकानामागे फाटके टायर साचतात तसे बाकड्यावर किस्से साचतात. कुणी न्यायला येत नाही आणि टाकवतही नाहीत. मी शिवराम, चौथी शिकलेला. जन्मभर मासळीचा टेम्पो चालवला. मला वाढवून सांगता येत नाही. मी हसतही नाही. बाकीचे हसतात, तो त्यांचा प्रश्न.

* * *

आधी उधारीचं सांगतो.

हसन मिरकरवाड्याचा, माझ्याच वयाचा. तीसेक वर्षांमागे तो पहिल्यांदा मोंबासाला कामाला निघाला. मुंबईहून विमान होतं. सगळा मोहल्ला निरोप द्यायला जमला, प्रत्येकाने मिठी मारली, आणि त्यात एसटी गेली!

मी मासळी घेऊन मुंबईलाच निघालो होतो. म्हटलं, "चढ."

हसनच्या अंगावर नवा कोरा सूट होता. मागे माल शिगोशीग भरलेला. बांगड्याची एक पाटी उरली होती, ती पुढेच होती.

"ही कुठं ठेवू?" हसनने विचारलं.

"मांडीवर."

"अरे, सूट आहे!"

"मग उतर."

त्याने मांडीवर घेतली. वाटेत बर्फ वितळत होता. कशेडी घाटात हसन कलमा पढत होता. वळणांमुळे की पाण्यामुळे, ते मी विचारलं नाही. विमानतळावर उतरल्यावर त्याने खिशात हात घातला.

"शिवा, भाडं किती?"

"दोस्ताकडून घेत नाही."

"मग उधार ठेव. माझी स्वतःची गाडी येईल तेव्हा फेडीन. जसं नेलंस, अगदी तसंच!"

पुढे फोनवर मी विचारलं, प्रवास कसा झाला? म्हणाला, "झकास! तीन सीटा मला एकट्याला मिळाल्या. शेजारी कुणी बसायलाच तयार नव्हतं. आडवा झोपून गेलो!"

मी कुणाचं भाडं ठेवत नाही. माझं कुणी ठेवलेलंही मला खपत नाही. हसन सुट्टीवर आला की मी एवढंच विचारायचो, "गाडी आली काय?"

* * *

शेवटी आली. मोंबासात वापरलेली, निळी, जपानी बनावटीची. हसन आणि त्याची बायको झुबेदा भाभी तिथून कायमचे परतले ते ही गाडी घेऊनच.

मुंबईच्या बंदरात नियम असा की तीन वर्षांहून जुनी गाडी देशात घेत नाहीत. हसनची त्याच्या आत बसत होती, पण थोडक्यात. म्हणून तिथे हा भेटेल त्याला छातीवर हात ठेवून सांगत सुटला, "साहेब, नवीच समजा!" हे वाक्य त्याच्या तोंडात बसलं. घोळ तिथे झाला.

कस्टमने गाडीच्या किमतीहून जास्त वसूल केलं. हसनची शिल्लक संपली. गाडी ट्रेलरवरून हातखंब्याला आली. नंबर नाही म्हणून रस्त्यावर चालवता येईना. मुकुंदच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली.

मुकुंदने तिच्याभोवती एक फेरी मारली. "हसनभाई, एवढ्या पैशांत इथे दोन आल्या असत्या."

"दोन काय करायच्यात? चालवणारा मी एकटाच आहे."

मुकुंदने दार उघडून पाहिलं. सीटांवर कंपनीचं प्लास्टिक तसंच! परदेशातून आलेल्या आमच्या माणसांची ही रीत. टीव्हीवर प्लास्टिक, रिमोटवर प्लास्टिक, सोफ्यावर प्लास्टिक. पाहुणा बसला की कर्र कर्र वाजतो.

"हसनभाई, वापरलीत तरी काय ही?"

"दर जुम्म्याला. मशिदीपर्यंत आणि परत."

* * *

आरटीओची तपासणी ठरली. आदल्या दिवशी हसनने गाडीला पॉलिश केलं. टायरला काळा रंग लावला. आरशाला मोगऱ्याचा गजरा बांधला. टोइंगवाल्याने ती मैदानावर नेऊन उतरवली तेव्हा रांगेतली माणसं बघायला आली.

तपासणीचे साहेब तरुण होते, सरळ होते. दार उघडलं, प्लास्टिक दाबलं, वाजलं. किलोमीटरचा काटा पाहिला. म्हणाले, "चाचा, ही तर नवीच दिसते!"

हसनचा चेहरा असा फुलला की काय सांगू! हात जोडून म्हणाला, "थँक्यू, साहेब! नवीच समजा!"

साहेबांनी समजली. नव्या गाडीचा रोड टॅक्स लावला.

आकडा ऐकून हसन मैदानातच मटकन बसला. मुकुंद म्हणाला, "आणखी एकदा थँक्यू म्हणा ना!"

* * *

आता अडचण खरी होती. टॅक्स भरल्याशिवाय नंबर नाही. एवढा भरायचा तर झुबेदा भाभीच्या पाटल्या मोडाव्या लागणार. हसन म्हणाला, "पाटल्यांना हात लावणार नाही. गाडी कुजली तरी चालेल."

आम्ही परत ऑफिसात गेलो. मी विचारलं, "साहेब, गाडी जुनी, टॅक्स नव्याचा कसा?"

साहेब म्हणाले, "कागदावर साल आहे, मान्य. पण किंमत धरताना गाडीची अवस्था बघावी लागते. ही शोरूममधून आल्यासारखी आहे. वापरलेली दिसू द्या, मालकाला तोंडाने सांगू द्या, मी फेरतपासणी करतो."

बाहेर येऊन मी हसनला म्हटलं, "सोपं आहे. जुनी आहे म्हणायचं."

"कुणी म्हणायचं?"

"तू."

"माझ्या गाडीला? मी?"

* * *

मग बाकड्यावर शिकवणी लागली. मुकुंद साहेब झाला. टायरवर बसून म्हणाला, "बोला चाचा, गाडी कशी आहे?"

"ठीक आहे."

"ठीक नाही. खटारा म्हणा."

"ख..." हसन थांबला. ताडपत्रीकडे बघितलं. उठला, आम्हा दोघांना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं.

"इथे कशाला?" मी म्हटलं.

"तिच्यासमोर नको."

रस्त्यापलीकडेही जमेना. मुकुंदने युक्ती केली. आपली स्कूटर दाखवली. "हे काय आहे?"

"खटारा!" हसन खणखणीत बोलला.

मग मुकुंदने माझ्याकडे बोट केलं. "शिवाचा टेम्पो कसा होता?"

"एक नंबर खटारा!"

"आणि तुमची गाडी?"

"माशाअल्ला!"

मी उठून घरी गेलो.

* * *

तोंडाने होईना, तर मुकुंद म्हणाला, गाडीलाच बोलू दे. त्याने परसातली तांबडी माती कालवली आणि बोनेटपासून डिकीपर्यंत शिंपडली. भाभीच्या चार कोंबड्या आणून टपावर सोडल्या. मी हात लावला नाही. असली कामं मी करत नाही. माती कुठली जास्त चिकटते, तेवढं सांगितलं.

संध्याकाळी गाडी बघण्यासारखी झाली. मंडणगडच्या डोंगरात रानडुकरांच्या मागे फिरून आल्यासारखी! आम्ही समाधानाने घरी गेलो.

सकाळी टोइंगवाला आला. ताडपत्री काढली. गाडी लख्ख! काचेत चेहरा दिसत होता. हसन बादली घेऊन उभा, पँट गुडघ्यापर्यंत वर, अंग घामाने भिजलेलं. टायरला पुन्हा काळा रंग. आरशाला नवा गजरा.

"हे काय केलंस?" मी ओरडलो.

"शिवा, साहेब बघणार आहेत. मळकी दाखवू? लोक काय म्हणतील?"

मुकुंद डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "कोंबड्या कुठे आहेत?"

"त्यांनाही धुतलं."

* * *

मैदानावर साहेबांनी पुन्हा फेरी मारली. "चाचा, ही तर मागच्यापेक्षा नवी दिसते!"

हसनचं तोंड उघडलं. थँक्यू ओठांवर आलेलं मला दिसलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"सांगा, वापर किती झाला? कुठे ठोकली, घासली?"

हसन गाडीकडे बघायचा, जमिनीकडे बघायचा. मग बाहीने बोनेट पुसायला लागला. साहेब म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे." पेनाचं टोपण उघडलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. झुबेदा भाभी उतरली. कोंबड्या कोणी नेल्या, हे विचारायला ती दुकानावर गेली होती. तिथे बाकड्यावरच्यांकडून सगळं कळल्यावर तडक आली होती.

"साहेब, यांना काय विचारता? मला विचारा!"

"झुबेदा, तू घरी जा गो," हसन म्हणाला.

"पाटल्या माझ्या जाणार आणि घरी मी जाऊ?"

ती सरळ गाडीत शिरली आणि मागच्या सीटवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडलं. हसन किंचाळला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कशेडी घाटातही ऐकला नव्हता.

"प्लास्टिक यांनी मागाहून चढवलंय. हा डाग बघा, ईदच्या शीरखुर्म्याचा. पातेलं उलटलं होतं. हा कोपरा उसवलेला, मोंबासातल्या शेजाऱ्यांची सहा पोरं कोंबून समुद्रावर नेली होती. हा मागचा पत्रा, ठोकून बसवलाय. मशिदीच्या फाटकावर घातली होती यांनी, नमाज संपल्यावर, सगळ्या जमातीसमोर! आणि हा पट्टा बघा."

तिने सीटबेल्ट ओढला. अर्धा बाहेर आला. उरलेला नव्हताच. टोकाला दातांच्या खुणा.

साहेबांनी वाकून बघितलं. "हे काय?"

"बकरा. कुर्बानीचा. बाजारातून घरी आणताना मागे बसवला होता. यांनी त्याला पट्टा लावला. सेफ्टी म्हणून!"

मैदान गडगडून हसलं. साहेब आधी पोट धरून हसले, मग गाडीला धरून. डोळे पुसून म्हणाले, "चाचा, बकऱ्याने पट्टा खाल्लेली नवी गाडी अजून कुठल्या शोरूममध्ये आलेली नाही."

वापरलेल्या गाडीचा टॅक्स लागला. तेवढा हसनला झेपण्यासारखा होता. पाटल्या हातात राहिल्या. सही झाली, शिक्का झाला. आम्ही फाटकापर्यंत आलो, आणि हसन गर्रकन मागे फिरला.

"साहेब! पण इतकीही जुनी नाही हां!"

मी एक दंड धरला, मुकुंदने दुसरा. उचलूनच बाहेर आणला.

* * *

नंबरप्लेट लागली तो शिमग्याचा सुमार होता. माझी मुलगी पोफळीला असते, जावई तिथल्याच वीज प्रकल्पात कामाला. नातवाला मुलगी झाली होती, तिचं बारसं होतं. मी पणजोबा. हसनचा फोन आला.

"शिवा, मी नेतो. चिपळूणपर्यंत रस्ता तोच आहे, मुंबईचा. पांढरे इस्त्रीचे कपडे घाल. पणजोबा शोभला पाहिजेस!"

मी घातले. नवे शिवलेले होते. सकाळी गाडी दारात आली. लख्ख निळी, नव्या नंबराची. सीटांवर पुन्हा नवं प्लास्टिक. हसनच्या अंगावर सूट. उतरून त्याने मला दार उघडून दिलं. पट्टाही लावला. मला बरं वाटलं. तीस वर्षांनी का होईना, माणूस शब्दाला जागला.

मग त्याने डिकी उघडली आणि बांगड्याची एक पाटी आणली. बर्फ घातलेली. खालून पाणी ठिबकत होतं.

"ही कुठे ठेवतोस?" मी विचारलं.

"तुझ्या मांडीवर."

"अरे, कपडे नवे आहेत!"

"मग उतर."

मी उतरलो नाही. पाटी मांडीवर घेतली. हसनने गाडी सुरू केली. संगमेश्वरपर्यंत तो सरळ समोर बघत होता, फक्त खांदे हलत होते. एका वळणावर मी पाटी जरा बाजूला टेकवायला गेलो.

"शिवा! सीटला लागेल!"

मी पुन्हा मांडीवर घेतली. चिपळूण गेलं. घाटाकडे वळलो. बर्फ संपला.

पोफळीला मांडव भरलेला होता. माणसं उभी होती, बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. मला पहिल्या रांगेत बसवलं. तीन खुर्च्या मला एकट्याला मिळाल्या.

मांडवाच्या दारात हसन उभा होता. त्याने लांबून विचारलं, "फिटलं?"

म्हटलं, "फिटलं."